राखणदार

सिफ हा लांडगा आहे. माणूस पोटाखालून ताठ मानेने चालत जाईल एवढा उंच, करड्या केसांचा. रानात एका थडग्याची राखण करत तो एकटा राहतो. थडग्याभोवतीच्या गवतात जुन्या तलवारी रोवलेल्या आहेत, काही सरळ, काही कलंडलेल्या. रात्र आहे, आणि ती इथे कधी सरत नाही. तुम्ही थडग्यापाशी जाता तेव्हा दगडाच्या माथ्यावर तो दिसतो. तोंड वर करून लांब सूर काढतो, खाली उतरतो आणि जमिनीत रोवलेली एक प्रचंड तलवार दातांत धरून उपसतो. लांडग्याच्या तोंडात तलवार, ही कल्पना ऐकायला विचित्र वाटेल. पाहताना वाटत नाही. ज्याच्या हातात अशी तलवार शोभायची तो आता नाही, आणि ज्याला हात नाहीत त्याने ती जमेल तशी धरली आहे, एवढंच दिसतं.

सिफ ज्यात भेटतो तो 'डार्क सोल्स' हा जपानी व्हिडिओ खेळ सप्टेंबर २०११ मध्ये आला. टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने तो केला; दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचं. रोल प्लेइंग जातीचा हा खेळ. आपण एक पात्र घ्यायचं, त्याला वाढवत न्यायचं, त्याचं हत्यार, त्याचं बळ, त्याची वाट आपण ठरवायची. वाटेत लहानसहान शत्रू भेटत राहतात आणि वाटेच्या टोकाशी बॉस भेटतो. बॉस म्हणजे ज्याला हरवल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही तो. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत प्लेटो नावाच्या संगणक-जाळ्यावर विद्यार्थी 'डीएनडी' हा खेळ खेळत. त्यात एक सोनेरी ड्रॅगन एका मौल्यवान गोळ्याची राखण करत बसलेला असे आणि त्याला मारून तो गोळा आणायचा असे. बॉसची परंपरा तिथून सुरू झाली असं मानतात. त्याला सुमारे अर्धं शतक झालं. ड्रॅगननंतर राक्षस आले, वेडे राजे आले, यंत्रं आली, देव आले. काम तेच राहिलं. दारात बसायचं आणि येणाऱ्याला अडवायचं.

मला या अडवणाऱ्यांविषयी फार जिव्हाळा आहे. खेळलेल्या खेळांतली गावं, वाटा, संवाद पुसट होत गेले. बॉस मात्र एकेक आठवतो, त्याच्या अंगावरच्या खुणांसकट. बाकीच्या खेळातून धावत जाता येतं. शत्रू टाळता येतात, संवाद पुढे ढकलता येतात. बॉस तसं करू देत नाही. तो म्हणतो, थांब आणि माझ्याकडे बघ. माझा खांदा कधी हलतो ते बघ, माझी नजर कुठे वळते ते बघ, मारण्याआधी मी श्वास कसा घेतो ते बघ. जो बघत नाही तो मरतो, आणि पडद्यावर लाल अक्षरांत 'यू डाइड' उमटतं. 'डार्क सोल्स'मध्ये मरण ही शिक्षा कमी आणि शिकवणी जास्त आहे. मेलात की जमवलेले 'सोल्स' जागीच सांडतात; तेच या जगातलं चलन आणि तेच आपलं बळ. परत त्या जागी पोहोचलात तर ते मिळतात, वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. त्यामुळे प्रत्येक वेळी माणूस आधीपेक्षा जास्त निरखून पाहतो.

सिफपर्यंत जाण्याचं दार विकत घ्यावं लागतं. एका पडक्या मनोऱ्यात आंद्रे नावाचा लोहार अहोरात्र घण घालत बसलेला असतो. त्याच्याकडे आर्टोरियसचं, म्हणजे त्या थडग्यातल्या सरदाराचं, मानचिन्ह आहे, किंमत २०,००० सोल्स. खेळाच्या त्या टप्प्यावर ही रक्कम जिवावर येते. मी ती साठवत होते तेव्हा दाराआड काय असेल याचे कितीतरी मनोरे मनात रचले होते. चिन्ह घेऊन रानात गेलं की दगडी भिंतीवरची उजळ खूण विरते आणि आतली बाग उघडते. बाग म्हणायचं, पण ती राखलेली आहे हत्यारी माणसांनी. चोरपावलांनी येणाऱ्यांवर ते झडप घालतात. अल्विना नावाच्या एका भल्या मोठ्या पांढऱ्या मांजरीने ही टोळी उभी केली आहे आणि थडग्याकडे कोणी फिरकू नये एवढंच तिचं म्हणणं आहे. पुढे झाडांच्या बुंध्यांआडून चालणारी मोठाली अळिंबी दिसतात, वाटेवर एक ओढा लागतो. आणि शेवटी दगडाचं जड दार. मी ते ढकललं तेव्हा आत खजिना असेल अशीच माझी समजूत होती. आत मैदान होतं, मधोमध थडगं आणि त्याच्या पलीकडे तो.

त्याच्याशी कसं लढायचं हे पहिल्यांदा कळत नाही. समोर उभं राहिलं तर तलवारीचा आडवा फटका येतो, मागे सरलं तर तो उडी मारून अंतर तोडतो. ढालीवर घेतलेला प्रत्येक घाव दम तोडत नेतो. वरच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी असते, स्टॅमिनाची. ती संपली की ढाल खाली पडते आणि मग सगळंच संपतं. हळूहळू उमगतं की तलवार लांब आहे म्हणून धोका लांब आहे. तिच्या टोकाशी मरण आहे आणि मुळाशी बऱ्यापैकी निवांतपणा. सगळ्यांत सुरक्षित जागा त्याच्या पोटाखाली, चार पायांच्या मधे. म्हणून खेळाडू पळण्याऐवजी आत शिरायला शिकतो. वर करड्या केसांचं छत, चारी बाजूंना खांबांसारखे पाय, आणि आपण त्या पायांत घुटमळत त्याच्यावर वार करत राहतो.

तिथून त्याचा चेहरा दिसत नाही. दिसतात ते पंजे. सारा अंदाज पंजांवरून घ्यावा लागतो. पुढचा उजवा रोवला गेला की तलवार डावीकडून येणार. मागचे दोन्ही जवळ आले की तो उडी मारणार. चारही पाय फिरायला लागले की गिरकी घेणार, तेव्हा त्याच्याबरोबर आपणही फिरायचं. अंधारात जिन्याच्या पायऱ्या पायांना पाठ व्हाव्यात तशा त्याच्या हालचाली मला पाठ झाल्या. एखाद्याला हरवण्यासाठी त्याचं इतकं जवळून, इतकं सलग निरीक्षण करावं लागतं हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. माझ्या ओळखीत अशी किती माणसं आहेत ज्यांच्या पावलांवरून त्यांच्या मनातलं मला सांगता येईल? फार थोडी, आणि ती सगळी घरची.

मग एक वेळ अशी आली की त्याची लाल पट्टी शेवटच्या तुकड्यापर्यंत उतरली. बॉसचं नाव आणि त्याच्या प्राणांची पट्टी पडद्याच्या तळाशी दिसत राहते. किती राहिलं ते तिच्यावरून कळतं. अनुभवी खेळाडू इथे सावध होतो. खेळांच्या जगातला दंडक असा की बॉस मरायला टेकला की पिसाळतो. अंगातून आग निघते, दुसरं रूप बाहेर पडतं, वार दुप्पट वेगाने येतात. मी त्याच तयारीत पोटाखाली उभी होते, नजर पंजांवर. आणि पंजा टेकला तो वाकडा. पुढचं पाऊल नीट उचललं गेलं नाही. तो लंगडत होता.

मला आधी वाटलं ही काहीतरी नवी चाल आहे. मागे सरले. तो माझ्या मागे आला, पण फरफटत. त्याने तलवार फिरवायला मान वळवली आणि तलवारीच्या वजनाने स्वतःच एका अंगावर गेला. सावरून उठला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. ज्या फटक्याला मी इतका काळ घाबरून होते त्यात आता काही जोर उरला नव्हता. तरीही तो थडगं आणि मी यांच्या मधे येत राहिला.

हे घडलं सांगलीच्या घरी, सुट्टीत. बाहेरच्या खोलीत टीव्हीला कन्सोल जोडलेला होता आणि आई मागे बसून मेथी निवडत होती. तिचं पडद्याकडे लक्ष नव्हतं. तलवारींचे खणखणाट तिला फॅनच्या आवाजाइतके सवयीचे झाले होते. पण पाय ओढणारं जनावर दिसलं तशी तिने मान वर केली.

"हा लंगडायला का लागला गं?"

"संपत आलाय."

"मग जाऊ दे की त्याला."

"जाऊ देता येत नाही, आई. त्याच्याकडची अंगठी लागते पुढे जायला."

"त्याला कशाला हवी अंगठी?"

"त्याची नाही. त्याच्या धन्याची आहे. तो मेलाय."

आई थोडा वेळ बघत राहिली. "मग धन्याच्या वस्तूला तो हात लावू देणार आहे होय कुणाला," असं म्हणून तिने परात उचलली आणि ती आत गेली. खेळातलं एक अक्षर माहीत नसताना तिने त्याची बाजू एका वाक्यात मांडली होती. माझी बाजू मांडायला मला काही सुचलं नाही.

आपल्याकडे कर्णाच्या रथाचं चाक रुततं त्या प्रसंगाशी ऐकणारा असाच अडखळतो. शस्त्र खाली ठेवून चाक उपसणाऱ्या योद्ध्यावर बाण सोडायचा का? पण तिथे कृष्ण आहे. तो कर्णाला एकेक आठवण करून देतो: द्रौपदीची विटंबना, एकट्या अभिमन्यूला घेरून मारणं. तेव्हा कुठे होता तुझा धर्म, असं विचारतो, आणि ऐकणाऱ्याचं मन बाणाच्या बाजूने थोडं तरी झुकतं. सिफच्या मैदानात कृष्ण नाही. लांडग्याने कोणाचं वाकडं केलेलं नाही. तो गावावर चालून आला नव्हता. त्याच्या घरात मी दार ढकलून आले होते. आणि आपण कथा वाचत असतो तेव्हा बाण लेखक सोडतो. इथे बटणावर अंगठा माझा होता. मी तो दाबला.

लांडगा उजेडात विरून गेला. 'व्हिक्टरी अचीव्हड' अशी अक्षरं आली, ४०,००० सोल्स जमा झाले, दार उघडायला घातलेल्याच्या दुप्पट. कुठलाही शत्रू पडला की मी खुर्चीतून उठून मूठ आवळत असे. त्या दिवशी बसून राहिले.

खेळ बनवणं म्हणजे मेहनत असते, एकेका हालचालीची. प्रत्येक पाऊल कोणीतरी बसून घडवलेलं असतं: पंजा कधी उचलायचा, खांदा किती खाली जायचा, मान कधी झुकायची. सिफच्या लंगडण्याची खेळ म्हणून काहीच गरज नव्हती. लढाईचा निकाल तोवर लागलेला असतो. तो पूर्वीसारखाच लढत मेला असता तर एकाही खेळाडूने तक्रार केली नसती. तरी कोणीतरी त्या शेवटच्या थोड्या क्षणांसाठी वेगळी चाल घडवली, वेगळे पडणारे, चुकणारे वार घडवले, आणि जिथे इतर खेळ शत्रूला बळ देतात तिथे त्याचं बळ काढून घेतलं. इतकी मेहनत कशासाठी? जिंकणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते दिसावं म्हणून.

मियाझाकींचा एक किस्सा यासंदर्भात मला नेहमी आठवतो. याच खेळासाठी त्यांच्या चित्रकाराने मेलेल्या तरी चालत्या ड्रॅगनचं चित्र काढलं होतं, अळ्या वळवळणारं, किळस यावी असं. मियाझाकींनी ते परत केलं. यात प्रतिष्ठा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. किळसेचा आधार घेऊ नका. एका भव्य जनावराच्या वाट्याला सावकाश, कदाचित कधीच न संपणारी झीज आली आहे, त्याचं दुःख दाखवा. ही त्यांनी मुलाखतीत सांगितलेली गोष्ट. एका सहकाऱ्याला दिलेली सूचना म्हणून ती साधी आहे, पण अख्खा खेळ तिच्यात मावतो. या जगात सगळंच झिजत चाललं आहे. आग विझत आली आहे, राजे वेडे झाले आहेत, शूर माणसं आपलं नाव विसरली आहेत. आपण ज्यांना मारत जातो ते सगळे कधीकाळी मोठे होते. त्यांना शत्रू म्हणून उभं करताना कलाकाराने त्यांची अब्रू राखली आहे.

मियाझाकी लहानपणी आपल्या कुवतीबाहेरची पुस्तकं वाचत. काही मजकूर कळायचा, काही नाही. न कळलेल्या जागा ते कल्पनेने भरून काढत. त्यांच्या खेळांतही गोष्ट अशीच सांगितली जाते. कोणी बसवून कथा ऐकवत नाही. एखाद्या अंगठीच्या खाली दोन ओळी लिहिलेल्या असतात, एखाद्या ढालीच्या खाली तीन. कुठे पुतळा, कुठे थडगं. बाकी आपण जोडायचं. सिफ असा तुकड्यातुकड्यांनी कळत गेला, आणि त्यातले बरेच तुकडे तो मेल्यानंतर हाती लागले.

त्याचा धनी आर्टोरियस हा सूर्यराजा ग्विनच्या चार शूर सरदारांपैकी एक. त्याची ख्याती अशी की 'अबिस' नावाच्या तळ नसलेल्या अंधारात तो चालून गेला आणि अंधाराला हरवून आला. त्याची अंगठी घातली तर त्या अंधारात पाय टेकता येतात. न घालता उतरलेला माणूस खाली पडतो तो कायमचा. न्यू लोंडो नावाच्या बुडवलेल्या नगरीच्या तळाशी चार राजे या अंधाराला फितूर होऊन बसले आहेत. त्यांच्यापर्यंत जायचं तर अंगठी हवी, अंगठी हवी तर सिफला मारायला हवं. ही साखळी खेळाने अशी बांधली आहे की कथा पुरी करायची असेल तर त्या मैदानातून सुटका नाही.

खेळाचा जोडभाग 'आर्टोरियस ऑफ द अबिस' २०१२ मध्ये आला. त्यात आपण भूतकाळात ओढले जातो, ऊलासील नावाच्या नगरीत, जिथे आर्टोरियस अजून हयात आहे. ज्याचं थडगं पाहिलं तो जिवंत भेटणार म्हणून मी धडधडत्या छातीने गेले. मैदानात तो उभा होता. अंगावरून काळं काही ओघळत होतं, डावा हात मोडून लोंबत होता, आणि तो माणसात राहिला नव्हता. अंधाराला हरवल्याची कीर्ती ज्याच्या नावावर आहे त्याला अंधाराने आधीच गिळलं होतं. त्याच्याशी लढावं लागतं, त्याला मारावं लागतं, आणि अंधाराच्या मुळाशी बसलेल्या मॅनसलाही आपणच संपवतो. पुढच्या काळात याचं श्रेय आर्टोरियसला गेलं. गाणी त्याची झाली. जे खरोखर घडलं ते फार थोड्यांना ठाऊक राहिलं.

त्या थोड्यांपैकी एक सिफ. ऊलासीलच्या दरीत एक पांढरी मांजर दिसते आणि नाहीशी होते, पुन्हा दिसते, पुन्हा नाहीशी होते. तिच्या मागोमाग गेलं आणि फसव्या भिंतीवर वार केला की आत लांडग्याचं पिल्लू सापडतं. चहूबाजूंनी माणसाच्या आकाराच्या काळ्या सावल्या त्याला घेरून आहेत, आणि त्याच्याभोवती उजेडाचं एक कडं आहे ज्यातून त्या आत येऊ शकत नाहीत. ते कडं आर्टोरियसच्या ढालीचं आहे. शेवटच्या क्षणी त्याने स्वतःची ढाल पिलापाशी ठेवली आणि तो ढालीवाचून पुढे गेला. या सरदाराविषयी खेळात जे जे सांगितलेलं आहे त्यातलं मला सगळ्यांत मोठं वाटतं ते हे. त्याची गाजलेली कामगिरी त्याच्या हातून झाली नाही. ही झाली, आणि तिची कोणी गाणी केली नाहीत.

सावल्या मारून पिलाला सोडवलं तर मॅनसशी लढताना त्याला मदतीला बोलावता येतं. आपल्या गुडघ्याएवढं ते पोर अंधाराच्या राक्षसावर धावून जातं. मग आपण आपल्या काळात परततो, आणि सिफला तोवर मारलेलं नसेल तर थडग्यापाशी जातो. आता तिथलं दृश्य बदललेलं असतं. तो थडग्यावरून उतरून येतो, नाक पुढे करून आपल्याला हुंगतो, आणि ओळखतो. मधे किती काळ गेला कोण जाणे, पण जनावराच्या नाकाला तो वास आठवतो. तो मागे होतो, तोंड वर करतो आणि असा सूर काढतो की पहिल्या भेटीतला सूर त्यापुढे नुसती ललकारी वाटावी. आणि मग, ओळखूनसुद्धा, तलवार उचलतो.

ओळखल्यावरही तो का लढतो याचं उत्तर खेळात कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या मनाने ते असं दिलं. सोनेरी ड्रॅगनपासूनचे सगळे राखणदार आपल्यापासून वस्तू वाचवत आले. सिफ वस्तूपासून आपल्याला वाचवतो आहे. ही अंगठी घालून अंधारात गेलेल्याचं काय होतं ते त्याने डोळ्यांदेखत पाहिलं आहे. ज्याने त्याला पिलूपणी सोडवलं त्याने त्याच वाटेने जावं हे त्याला सहन होत नाही. थडग्याजवळ तो कोणालाही येऊ देत नव्हता ते धन्याच्या आठवणीसाठी. आपल्याला येऊ देत नाही ते आपल्यासाठी. ही माझी समजूत आहे, पण ती मनात धरून मैदानात उतरलं की त्याच्या लंगडण्याकडे पाहवत नाही. पाय ओढत तो मधे येतो तेव्हा त्याचा अर्थ एकच उरतो: जाऊ नकोस.

लढाईच्या वेळी वाजणारं संगीतही हेच सांगत असावं. 'डार्क सोल्स'मध्ये बहुतेक वाटा मुक्या आहेत. वारा, पावलं, चिलखताची कुरकुर एवढंच ऐकू येतं. संगीत सुरू होतं ते बहुधा बॉस समोर आल्यावर. मोतोई साकुराबा यांनी सिफसाठी जी रचना केली तिच्यात युद्धाचा आवेश शोधून सापडत नाही. ती शोक करते, आणि लढाई सुरू होताक्षणी करते. माझं लक्ष तलवारीकडे होतं, म्हणून मला ते उशिरा ऐकू आलं. कोण मरणार आहे हे त्या संगीताला सुरुवातीपासून ठाऊक होतं.

सिफ मेल्यावर त्याचा आत्मा आपल्याकडे येतो. अनोर लोंडो या देवनगरीत एक राक्षसदेही लोहार आहे, त्याच्याकडे तो आत्मा नेला तर त्यातून हत्यार घडवून मिळतं. लांडग्याच्या आत्म्यातून काय निघावं? नखं, दात, कातडं? निघते आर्टोरियसची तलवार, किंवा आर्टोरियसची ढाल, जे आपण मागू ते. इतका काळ राखण करून त्याच्या आत दुसरं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. मी ती तलवार घडवून घेतली, पण वापरली नाही. ढाल वापरली.

जपानमध्ये शिबुया स्टेशनबाहेर हाचिको नावाच्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्याचा धनी, विद्यापीठातला प्राध्यापक, १९२५ मध्ये कामावर असताना गेला, आणि हाचिको १९३५ मध्ये मरेपर्यंत स्टेशनावर त्याची वाट पाहत राहिला. त्याचा पहिला पुतळा तो जिवंत असतानाच, १९३४ मध्ये उभा राहिला. निष्ठेची अशी गोष्ट आपण हळहळून ऐकतो, कारण आपण रस्त्याच्या कडेला उभे असतो. सिफच्या गोष्टीत कडेला उभं राहण्याची सोय नाही. निष्ठेच्या आड येणारा माणूस आपणच असतो, आणि ती निष्ठा किती भक्कम आहे हे आपल्या ढालीवर आदळत असतं. हाचिकोच्या गोष्टीने माझे डोळे भरले होते. सिफने मला विचार करायला लावला की जगातल्या किती निष्ठा मला केवळ अडथळे म्हणून भेटल्या असतील.

कोणाशी नीट लढायचं तर त्याला नीट पाहावं लागतं. त्याचं पाऊल, त्याचा दम, त्याची सवय, त्याचा कमकुवत क्षण, सगळं पाठ व्हावं लागतं. आणि इतकं पाठ झालेल्या कोणाचाही द्वेष करता येत नाही; द्वेषाला दुरून पाहावं लागतं. सिफचा पंजा वाकडा पडला हे मला दिसलं, कारण मी त्याला मारण्यासाठी त्याचेच पंजे पाहत होते. मारण्याच्या तयारीतूनच ती करुणा आली. चांगला बॉस खेळाडूला या जागी आणून उभं करतो: पोटाखाली, जिथे धोका सगळ्यांत कमी आणि ओळख सगळ्यांत जास्त.

हा खेळ नव्याने सुरू करणाऱ्या कोणालाही मी एवढंच सांगते की थडग्याकडे जाण्याची घाई करू नका. वाट सरळ तिकडे नेते, लोहार चिन्ह विकायला तयार असतो, सोल्स जमलेले असतात. तरी ते दार राहू द्या. आधी पुढचं जग पाहा, ऊलासीलची वाट शोधा, भिंतीआडचं पिल्लू सोडवा, त्याच्या बाजूने एकदा लढा. मग थडग्यापाशी जा आणि त्याला तुम्हाला ओळखू द्या. असं केल्याने शेवट बदलत नाही. लढाई तीच, अंगठी तीच, चार राजे तसेच खाली बसलेले. बदलतं एवढंच की आपण कोणाला मारतो आहोत हे ठाऊक असताना आपण मारतो. पुढे जायचं तर आहेच, पण समोरचा कोण आहे हे कळल्यावर जावं. त्याने हात जड होतो, आणि तो व्हायलाच हवा.